नव्या अल्बमचा दौरा, आणि टाळ्या मात्र जुन्याच गाण्यांना?

खडेबाजारचा_मामा (धागाकर्ता)

बेळगावकर मंडळी, एक भांडण सोडवा. भांडण भाच्याशी आहे, त्यामुळे घरातलं कोणी मध्ये पडत नाही.

२०२५च्या जानेवारीत त्याच्याबरोबर नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बघून आलो. १८, १९ आणि २१ असे तीन दिवस होते, आम्ही १९ला, रविवारी. तिकिटाची कथा सांगायलाच हवी. बहीण, भाचा, भाची आणि मी असे चौघे चार फोन घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती बसलेलो. रांगेत माझ्यापुढे सात लाखांवर माणसं. शेवटी तिकिटं लागली ती बहिणीच्या फोनवर. तिला त्या बँडचं एक गाणं माहीत नाही, ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

असो. आम्ही वरच्या स्टँडमध्ये. मनगटावर ते लुकलुकणारे पट्टे. 'मून म्युझिक' या नव्या अल्बममधलं एक गाणं सुरू झालं आणि आमच्या रांगेतले सहा जण पॉपकॉर्न आणायला उठले. मग 'यलो' हे जुनं गाणं लागलं, तसे तेच सहा जण पायऱ्यांवरून धावत आले, अर्धं पॉपकॉर्न खालच्यांच्या डोक्यावर सांडत.

भाचा म्हणतो, "मामा, नवं घरी ऐकता येतं. तिथं जायचं ते सगळ्यांबरोबर ओरडायला." मी म्हणतो, मग दौऱ्याला नव्या अल्बमचं नाव कशाला देता? त्यात या दौऱ्याची आणखीच गंमत. नाव 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स', तो अल्बम २०२१चा. दौरा मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकात सुरू झाला आणि भारतात पोचेपर्यंत त्याच्या पुढचा अल्बमही येऊन गेला.

तर सवाल असा: नवा अल्बम घेऊन जगभर फिरणाऱ्या बँडनं नवी गाणी किती वाजवावीत? आणि खरं सांगा, तुम्ही ती जागेवर थांबून ऐकता का?

---

निपाणीचा_धूर

मामा, पॉपकॉर्न केवढ्याला होतं ते लिहिलं नाहीत. त्यावर अवलंबून आहे.

---

टिळकवाडी_एडी

सगळी वाजवावीत. सगळी म्हणजे सगळी.

आयर्न मेडननं २००६ मध्ये 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' आल्यावर तेच केलं. दहा गाणी, जवळपास ७२ मिनिटं, सुरुवातीच्या टप्प्यात पूर्ण अल्बम आहे त्या क्रमानं वाजवला. जुनी गाणी शेवटी, चवीपुरती. अमेरिकेत, युरोपात लोकांनी बोंब मारली. बँडनं ऐकून घेतली आणि पुढचं गाणं सुरू केलं.

तोच दौरा १७ मार्च २००७ला बेंगळूरला पॅलेस ग्राउंडवर आला. मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम. आम्ही पाच जण राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलो, दोघं रिझर्व्हेशनवाले आणि तिघं त्यांच्या पायाशी. तोपर्यंत नव्या अल्बमवरची कात्री चालली होती, त्यातली चार-पाचच गाणी वाजली. पण ऐका, नव्या गाण्यांनाही लोक गात होते! कारण आमच्याकडं त्या अल्बमची एकच सीडी होती, कॉपी करून करून अख्ख्या हॉस्टेलात फिरलेली. तेवढंच होतं, तेच पाठ.

आणि एक. भारतात तोवर ते आलेच नव्हते. आम्हाला १९८२ काय, २००६ काय, समोर वाजणारं सगळंच नवं.

अवांतर: बाहेर पडलो तर गेटवर एक जण फोन कानाला लावून "एकशे एक्याण्णव ऑल आउट" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. वर्ल्ड कपची बांगलादेश मॅच तीच रात्र. परतीच्या बसमध्ये अर्धी बस 'फिअर ऑफ द डार्क'ची धून गुणगुणत होती आणि अर्धी सुतकात. मी दोन्हीत होतो.

---

उद्यमबागी

एडी, +१ त्या मॅचच्या दुःखाला. बाकी असहमत.

तुमच्या त्या अडाणी निष्ठेवर दौरे चालत नाहीत हो. यू टू बँडचं बघा. 'नो लाइन ऑन द होरायझन' २००९ला आला, त्यासाठी ३६० डिग्री दौरा. मी आयुष्य लोखंडात काढलंय म्हणून मला गाण्यांपेक्षा त्यांच्या स्टेजचंच जास्त. चार पायांचा पोलादी सांगाडा, त्याला 'क्लॉ' म्हणायचे, उंची ५० मीटर! असे तीन सांगाडे केले होते. एकावर कार्यक्रम चालू, दुसरा पुढच्या गावात उभा राहतोय, तिसरा मागच्या गावात सोडवताहेत. आमच्याकडं एक शेड उभी करायला क्रेनवाला तीन दिवस तारीख देत नाही.

दोन वर्षांत ११० कार्यक्रम, ७३ कोटी डॉलरांवर गल्ला. पण बार्सिलोनाला सुरू झाला तेव्हा कार्यक्रम उघडायचे नव्या गाण्यांनी, ते २०११ला उघडायला लागले जुन्या गाण्यानं. नवी गाणी वाटेत गळत गेली. अल्बमच्या नावानं उभं केलेलं लोखंड शेवटपर्यंत टिकलं, अल्बम नाही टिकला.

---

शहापूरकर_आप्पा

मला यातलं एकही गाणं ठाऊक नाही, नातवानं धागा दाखवला म्हणून लिहितो.

ज्यांनी संगीत नाटक उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 'शाकुंतल' १८८०, 'सौभद्र' १८८२. पुढं या कंपन्या गावोगाव मुक्काम टाकत फिरायच्या, पडदे, पेट्या, आचारी, सगळं लटांबर घेऊन. आमचे आजोबा सांगायचे की कंपनी कितीही नवं नाटक घेऊन येवो, गावातल्या प्रतिष्ठितांचा निरोप जायचा, "एक दिवस सौभद्र लावा." आणि लावल्यावर पदागणिक वन्स मोअर. नायक बिचारा एकच पद चार वेळा म्हणून घाम पुसतोय, रुक्मिणी ताटकळतेय.

तेव्हा तुमच्या भाच्याचा रोग जुना आहे.

---

निपाणीचा_धूर

आप्पा, मेडनवाल्यांना वन्स मोअर दिला तर रात्र संपायची. २०१५च्या 'द बुक ऑफ सोल्स'मधलं एक गाणं १८ मिनिटांचं आहे.

---

खानापूरची_लेक

मी नेदरलँड्सला असतो. (होय, बाईच आहे. खानापुरात आम्ही 'गेलो, आलो'च म्हणतो, पुण्याच्या नणंदेनं सुधारायचा प्रयत्न करून झाला.)

मेटॅलिकाचा 'सेव्हंटी टू सीझन्स' १४ एप्रिल २०२३ला आला आणि १३ दिवसांत, २७ एप्रिलला, आमच्या आम्स्टरडॅमला दौरा सुरू. २७ एप्रिल म्हणजे इथला राजाचा वाढदिवस. सगळं गाव भगव्या-नारिंगी कपड्यांत, आणि मेट्रोत त्यांच्यामध्ये काळे टीशर्टवाले आम्ही. मला क्षणभर शिवजयंतीच्या मिरवणुकीत चुकून वेगळ्याच मंडळात घुसल्यासारखं वाटलं.

या दौऱ्यात त्यांनी एक युक्ती केली. एका गावात दोन रात्री, मध्ये एक दिवस सुट्टी, आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं परत नाही. स्टेज मैदानाच्या मधोमध, गोल कड्यासारखं, कड्याच्या आतही माणसं उभी. ड्रमचे चार संच चार दिशांना, ड्रमर लार्स उलरिक थोड्या थोड्या वेळानं जागा बदलणार. म्हणजे तासभर तुम्हाला त्याची पाठ दिसली तरी नंतर तोंड दिसायची हमी.

मी दोन्ही रात्रींना गेलो. मामांच्या प्रश्नाचं उत्तर: नवी गाणी दोन्ही रात्री होती, मोजकीच. पहिल्या रात्री मी नव्या गाण्याला गप्प उभा. शेजारी साठीचे एक डच काका. डोळे मिटून, ओठ हलताहेत, शब्द न् शब्द पाठ. अल्बम येऊन दोन आठवडे झाले नव्हते! मला लाज वाटली. मधल्या सुट्टीच्या दिवशी भांडी घासताना अल्बम तीन वेळा ऐकला. दुसऱ्या रात्री थोडं तरी जमलं.

---

टिळकवाडी_एडी

या काकांना बेळगावचं मानद नागरिकत्व द्या.

---

कार्नेटवाला

थोडी पडद्यामागची बाजू. मी वास्कोला मालाच्या कागदपत्रांचं काम करतो, मूळचा हिंडलग्याचा.

दौऱ्याचं सामान देशोदेशी न्यायचं तर प्रत्येक हद्दीवर आयातकर भरत बसता येत नाही. त्यासाठी एटीए कार्नेट नावाचा दस्तऐवज असतो, सामानाचा पासपोर्टच समजा. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. गिटार किती, अ‍ॅम्प्लिफायर किती, त्यांचे नंबर, वजन, किंमत, मूळ देश, सगळी यादी. आत जाताना शिक्का, बाहेर येताना शिक्का. आत गेली ती वस्तू बाहेर आली नाही तर विकली असं धरून कर मागतात. हरवलेल्या एका गिटार-पेडलसाठी माणसं रात्रभर पेट्या उलट्यापालट्या करतात.

याचा गाण्यांशी संबंध काय? मोठ्या दौऱ्यात गाणी, दिवे, पडद्यावरची चित्रं, आगीचे लोळ, सगळं एकमेकांना बांधलेलं असतं. आयत्या वेळी प्रेक्षकांतून फर्माईश आली म्हणून सहज गाणं बदललं, असं होत नाही. दौरा निघण्याआधीच महिनोन् महिने कुणीतरी ठरवलेलं असतं की तुम्ही पॉपकॉर्नला कधी उठणार.

विमानाचंही तेच. मेडन २००८ला बोइंग ७५७ घेऊन मुंबईला आले, १ फेब्रुवारीला तिथूनच तो दौरा सुरू झाला. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. 'द बुक ऑफ सोल्स'च्या वेळी २०१६ला तर ७४७च घेतलं. मार्चमध्ये सांतियागोच्या विमानतळावर ते ओढणारा ट्रॅक्टर येऊन आदळला आणि चारपैकी दोन इंजिनं खलास. ती बदलेपर्यंत कार्यक्रमांना खंड पडू नये म्हणून सामान दुसरीकडून हलवलं. हा गायक त्याआधीच्या वर्षी जिभेच्या कर्करोगातून उठलेला. अशा माणसानं नवी गाणी गायली तर तुम्ही खाली बसाल?

---

निपाणीचा_धूर

कार्नेटवाले, त्यांचं ७४७ सगळ्या जगात फिरतं आणि आमची लाल बस सीमेवर तापातापी झाली की कोगनोळी नाक्यापाशी थांबते. बसला पण एक कार्नेट काढून द्या.

---

प्रतिसाद काढून टाकला आहे

---

प्रतिसाद काढून टाकला आहे

---

संपादक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, पानं ४१२ झाली आहेत, तिकडं लिहा. इथं संगीत.

---

डॉल्बीअण्णा

मी एवढा वेळ गप वाचूलालो होतो. तुम्ही सगळे गाण्यावर बोलूलालाय, आवाजावर कोणच बोलेना.

मामा, तुम्ही वरच्या स्टँडात बसलेला न्हवं? मग ऐका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर बसलेल्याला गाणं पाव सेकंदापेक्षा उशिरा पोचतंय. त्यात मागच्या लोकांसाठी मध्ये खांबावर स्पीकर टांगलेले असतात. ते स्टेजबरोबर एकाच वेळी वाजवले तर खांबाचा आवाज आधी आणि स्टेजचा मागनं, सगळा काला. म्हणून खांब ६० मीटरवर असला तर त्याला १७५ मिलिसेकंद उशिरा सोडायचं. गारठा पडला, वारा फिरला की हिशेब पुन्हा. विसर्जनाला गणपत गल्लीत दोन मंडळांचे डॉल्बी समोरासमोर आले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तसंच, फक्त तिकीट काढून.

आता मुद्दा. जुनं गाणं लागलं की तुम्ही कानानं ऐकतच नाही. दोन सूर आले की बाकीचं डोकं भरून काढतंय. आवाज फुटला, शब्द गेले, काय फरक पडत नाही. नवं गाणं मात्र कानानंच ऐकावं लागतंय, आणि वरच्या स्टँडात ते नुसतं धडधड धडधड पोचतंय. त्या सहा जणांना शिव्या देऊ नका. त्यांना गाणं आवडलं नाही असं नाही, त्यांना ते ऐकूच आलं नाही.

तीस वर्षं हाच धंदा करूलालोय. खोटं वाटलं तर पुढच्या वेळी मिक्सर ठेवतात तिथं, मैदानाच्या मधोमध, त्या मचाणाच्या अंगाला उभं राहून बघा. फुकटात सगळ्यात चांगला आवाज तिथंच.

---

उद्यमबागी

अण्णा, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. विसर्जनाच्या रात्री मात्र माझ्या खिडकीची तावदानं तुमच्यामुळंच थरथरतात हे विसरलेलो नाही.

---

डॉल्बीअण्णा

तावदानं तुमची ढिली आहेत की वो. लांबी भरून घ्या.

---

शहापूरकर_आप्पा

अण्णांचं पटलं, तरी सगळं नाही पटलं. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व घ्या. त्यांनी लोकधुनांतून स्वतःचे नवे राग उभे केले, मालवती वगैरे. समोर तीनशे माणसं, आवाज स्वच्छ, पहिल्या रांगेत जाणकार. तरी "हे काय नवीनच?" म्हणणारे होतेच. ऐकू येत होतं, ऐकायचं नव्हतं.

---

खानापूरची_लेक

आप्पा, दंडवत.

---

निपाणीचा_धूर

गन्स अँड रोझेसचा विषय अजून कोणी काढला नाही याचं आश्चर्य. 'चायनीज डेमोक्रसी' दौरा सुरू झाला २००१ला. अल्बम आला २००८च्या नोव्हेंबरात. बारसं जेवून लोक घरी गेले, मूल सात वर्षांनी.

---

टिळकवाडी_एडी

हा हा. पण मग तेव्हा ती गाणी ऐकणाऱ्यांकडं अल्बमच नव्हता. ती खरी नवी गाणी!

---

गोवावेस_गिटार

खूप दिवसांनी लॉगिन केलंय. पासवर्ड मुलीनं काढून दिला.

तुम्ही सगळे प्रेक्षकांच्या बाजूनं लिहिताय. मी दुसऱ्या बाजूचं, अगदी छोट्या आकाराचं सांगतो. १९९४ ते ९७ आमचा बँड होता. नाव लिहीत नाही, ड्रमर आता प्रतिष्ठित आहे. गॅदरिंगं, एखादं लग्न, एकदा कॅम्पातल्या ख्रिसमसच्या कार्यक्रमाला, दोनदा पणजीला. हाच आमचा आंतरराष्ट्रीय दौरा, कारण पणजीला जाताना चोर्ला घाटात ड्रमरला उलट्या व्हायच्या.

आम्ही डीप पर्पल बँडचं काही वाजवलं की पोरं खुर्च्यांवर. मग मी माइकवर म्हणायचो, "आता आमचं स्वतःचं एक गाणं." एवढं म्हटलं की जे व्हायचं ते अजून कानात आहे. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या सरकण्याचा आवाज. एकदम पन्नास खुर्च्या. कोणी शिट्टी मारत नव्हतं, हुर्योही नाही. सगळे सभ्यपणे चहाला निघायचे.

गाणं काही फार थोर नव्हतं. आपल्या पहिल्या रेल्वे गेटाबद्दल होतं. गेट बंद, दोन्हीकडं सायकली, पलीकडं ती, आणि मालगाडी संपतच नाही. मराठीत होतं, मधल्या दोन ओळी कन्नडमध्ये, कारण बेसिस्ट हुक्केरीचा. ते आम्ही एकूण नऊ वेळा वाजवलं. नऊही वेळा खुर्च्या.

म्हणून मी मोठ्या बँडच्या नव्या गाण्याला बसून राहतो. आवडो न आवडो. वर उभा असलेला माणूस पत्र्याच्या आवाजाची वाट बघत असतो, हे मला माहीत आहे.

---

खडेबाजारचा_मामा (धागाकर्ता)

गिटारराव, तुमचा प्रतिसाद भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवला. कार्टं म्हणालं, "हे बरोबर आहे, पण ते गाणं चांगलं होतं का हे कुठं कळतंय?"

मुद्दा बिनतोड आहे. कुठं रेकॉर्ड केलेलं आहे का?

---

गोवावेस_गिटार

एक कॅसेट आहे. ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली. ९६ची. एका मित्राच्या टेपरेकॉर्डरवर घरातच केली, शेवटी त्याच्या आईचा "दूध उतू जाईल रे" असा आवाजही आला आहे. पण लावायला घरात काही उरलं नाही.

---

टिळकवाडी_एडी

दूधवाला भाग कापू नका, विनंती.

---

खानापूरची_लेक

मलापण लिंक हवी. मी ते गेट सायकलवरून चार वर्षं काढलंय.

---

उद्यमबागी

कन्नड ओळींचं भाषांतर देऊ नका, बेळगावकर आहोत.

---

डॉल्बीअण्णा

माझ्याकडं डेक आहे, चालू आहे. हेड साफ करायला स्पिरिट पण आहे. रविवारी दुकानावर या, तिथनं काँप्युटरवर घेऊ. मामा, तुम्ही आणि तुमचा भाचा पण या, मधोमध खुर्च्या टाकतो. प्लॅस्टिकच्या.

---

खडेबाजारचा_मामा (धागाकर्ता)

येतो. चहा आधीच पिऊन येतो.

---

डॉल्बीअण्णा

गिटारराव, येण्याआधी पेन्सिल घालून टेप घट्ट करून घ्या. एवढ्या वर्षांची ढिली टेप सरळ डेकमध्ये घातली तर खाऊन टाकतंय.